बिंदोची वाफ

बिंदोला बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. भाकरीसुद्धा उभ्यानंच खायचा. सिएना शहरात नेरीच्या चित्रशाळेत मी लाकडी फळ्या जोडून द्यायचो, तो त्यांच्यावर सोनं चढवायचा. गळ्यात कुत्र्याचा सुळा बांधलेला, त्यानंच सोनं घासून चमकवायचं. "मरियामातेच्या प्रभावळीला कुत्र्याचा दात!" असं मी चिडवलं की म्हणायचा, "तुझा लावला असता, पण तो किडका."

सोन्याचा वर्ख लाल मातीच्या ओल्या लेपावर बसतो. लेप सुकायला लागला की नवखे फुंकर मारत. बिंदो खेकसायचा, "फुंकर नको रे, वाफ! फुंकरीनं वाळतं, वाफेनं धरतं." मग स्वतः तोंड उघडून सावकाश श्वास सोडायचा.

त्या दिवशी उत्तरेचा कोरडा वारा सुटला होता. प्रभावळीवर वर्ख नुकताच बसलेला, लेप वाळायच्या आत घासायलाच हवा. आणि नेमकी त्याची बायको नूता बाळंतपणात अडली. आधीची दोन्ही मुलं जन्मल्यावर रडलीच नव्हती. बिंदोचा जीव थाऱ्यावर नव्हता. चार हात घासायचा की चढ चढून घरी, सुईण गेझामावशीनं हाकललं की परत.

"एकदाचा घरी जा ना, बाबा," मी म्हटलं.

"आणि सोनं वाळलं तर?"

"मग घास."

"आणि ती तिकडे..."

नेरीमालक करवादले, "दोन दगडांवर पाय ठेवून मरशील! काहीतरी एक ठरव!"

तेवढ्यात वरून नूताच्या बहिणीची किंकाळी आली. बिंदो धावला, मागोमाग मी.

दारातून दिसलं, मूल निळंसर, गप्प. मावशी त्याच्या तोंडावर फूफू करत होती.

"बाहेर हो, मेल्या! इथं बाप्यांचं काम नाही!"

"मावशी, फुंकर नको!" त्यानं मूल हिसकावलं, त्याच्या इवल्या तोंडावर तोंड ठेवलं आणि सावकाश वाफ सोडली. पुन्हा सोडली. नूता नुसती बघत होती. मुलानं उचकी दिली, आणि मग असं टाहो फोडून रडलं की मावशीही रडायला लागली.

मी खाली जाऊन पाहून आलो. "बिंदो, प्रभावळ वाळली. सगळी खरवडावी लागेल."

"खरवडू."

तो भिंतीला टेकून चक्क खाली बसला होता. मांडीवरची लेक ठणाणा रडत होती, तरी तो मधूनच तिच्यावर वाफ सोडत होता.