पत्ता विचारणारे पोचबाबा

माझ्या लग्नात पोचबाबांनी भिंतीवरचं घड्याळ आहेर दिलं आणि तिथंच, स्टेजवर, वही उघडून माझी सही घेतली. अल्बममध्ये तो फोटो आहे. मुंडावळ्या बांधलेली मी वाकून सही करते आहे, पोचबाबा बोटाने जागा दाखवत आहेत आणि नवरदेव घड्याळ धरून उभे आहेत. आमच्या यांना बरेच दिवस वाटत होतं, की ते विवाह नोंदणीचे कोणी साहेब होते.

जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, त्यानंतरच्या वर्षांतली ही ओळख. मी तालुक्याच्या पंचायत समितीत आवक-जावक लिपिक होते. वडील नोकरीत असताना गेले, त्यांच्या जागी अनुकंपा तत्त्वावर लागले होते आणि कायम होण्याचा आदेश अजून यायचा होता. घरी आई आणि दोन लहान भाऊ. माझं काम सरळ होतं. आलेला कागद रजिस्टरमध्ये चढवायचा, त्याला नंबर द्यायचा आणि देणाऱ्याने मागितलं तर त्याच्याजवळच्या प्रतीवर शिक्का मारून सही करायची. ही सही म्हणजे पोच. बहुतेक लोक अर्ज टेबलावर ठेवून, हात जोडून निघून जात. पोच मागणारा महिन्यातून एखादा. पोचबाबा आठवड्यातून दोनदा यायचे.

ते निवृत्त पोस्टमन. करडीच्या रस्त्यावर एक टोली होती, तीस-पस्तीस घरांची, तिथले राहणारे. उभा जन्म सायकलवर डाक वाटण्यात गेला होता, त्यामुळे कुठलाही कागद हातात आला की ते आधी पाठीमागचा शिक्का बघत आणि मग मजकूर. दारात चपला काढत, छत्री खुंटीला लावत, "जयभीम बाई" म्हणत आणि अर्जाच्या दोन प्रती माझ्यासमोर अशा ठेवत, की शिक्क्याची जागा बरोबर माझ्या उजव्या हाताखाली यावी. मग एकच वाक्य: "बाई, पोच द्या."

सुरुवातीला मी टाळायचा प्रयत्न केला. एकदा म्हटलं, बाबा, शिक्क्याचं पॅड सुकलं आहे. त्यांनी पिशवीतून स्वतःचं पॅड काढलं. पुढच्या खेपेला म्हटलं, रजिस्टर साहेबांकडे आहे. ते बाकावर बसले, डबा सोडला, भाकर आणि लाखोरीची भाजी सावकाश खाल्ली आणि रजिस्टर येईपर्यंत उठले नाहीत. तिसऱ्यांदा मी सरळ शिक्का मारला. काम टाळायला लागणारा वेळ हा काम करायला लागणाऱ्या वेळेपेक्षा नेहमी जास्त असतो, हे मी तेव्हा माझ्या डायरीत लिहून ठेवलं. आजही माझ्या रोजच्या यादीच्या वर ते असतं.

त्यांचं एकच म्हणणं होतं. टोलीसाठी समाजमंदिर मंजूर झालं होतं. कागदावर ते बांधून पूर्ण झालं होतं, पूर्णत्वाचा दाखलाही निघाला होता. पण टोलीत कोणी ते पाहिलं नव्हतं. टोलीची लग्नं रस्त्यावर मांडव टाकून व्हायची. एस.टी. आली की मांडवाचा दोर वर धरायचा आणि बस खालून जाऊ द्यायची. एका लग्नात नवरदेवाला दोनदा उठावं लागलं, एकदा जाणाऱ्या बससाठी आणि एकदा येणाऱ्या. दुसऱ्या वेळी कंडक्टरने खिडकीतून अक्षता टाकल्या म्हणे.

आता पोचबाबांच्या पुतणीचं लग्न ठरलं होतं, आणि हे लग्न रस्त्यावर होणार नाही, असं त्यांनी भावाला सांगून टाकलं होतं. मुलगी त्यांच्या अंगाखांद्यावर वाढलेली. हातात पाच-सहा महिने होते.

समाजमंदिर कुठे गेलं, हे टोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्याकडचे एक पुढारी, ज्यांना मी नुसतं सभापतीसाहेब म्हणेन, त्यांची मोठी राइस मिल होती. मिलच्या आवारात, दाखल्यावरच्याच मापाची एक नवी इमारत उभी राहिली होती आणि तिच्यात धानाची पोती होती. बाकीचे लोक चहाच्या टपरीवर बोलत आणि सभापतीसाहेबांची गाडी दिसली की हवापाण्यावर येत. पोचबाबा टपरीवर काहीच बोलत नसत. आणि अर्जातही आरोप करत नसत. त्यांच्या पहिल्या अर्जात एकच ओळ होती: आमच्या टोलीचे समाजमंदिर कोणत्या पत्त्यावर आहे, ते कळवावे.

मी विचारलं, बाबा, सरळ तक्रार का नाही करत?

"मी कोणाले चोर म्हणत नाही, बाई. मी पत्ता विचारून राहिलो. तक्रारीले उत्तर नाही देलं त चालते. पत्ता सांगाच लागते."

ऑफिसने पत्ता सांगितला नाही. त्या दिवसांत सापडत नसलेल्या प्रत्येक फाईलसाठी आमच्याकडे एक तयार उत्तर होतं: जिल्हा विभाजनात फाईल गोंदियाला गेली. पोचबाबांनाही तेच लेखी दिलं. ते वाचून त्यांनी चष्मा काढला.

"आपला तालुका इकडेच राहिला. मंग फाईल गोंदियाले काहून गेली? तिचं माहेर आहे का तिकडं?"

आणि ते खरंच गोंदियाला गेले. डबा घेऊन, पॅसेंजरने. तिथल्या साहेबाला हे प्रकरण इतकं मजेशीर वाटलं, की त्याने त्याच दिवशी पत्र दिलं: सदर फाईल या कार्यालयात नाही, येण्याचे कारणही नाही. ते पत्र पोचबाबांनी आमच्याकडे आणून दिलं. अर्थात, पोच घेऊन.

आता ऑफिसला काहीतरी लिहावंच लागलं. बीडीओ साहेबांनी, म्हणजे आमच्या गटविकास अधिकाऱ्यांनी, तीन मसुदे फाडले आणि चौथ्यावर सही केली: समाजमंदिर अमुक गट क्रमांकात अस्तित्वात असून ग्रामस्थांसाठी खुले आहे. गट क्रमांक मिलच्या आवाराचा होता. साहेबांना वाटलं, म्हातारा आकड्यात अडकेल. पण ज्याने आयुष्यभर अर्धवट पत्त्यांवरून घरं शोधली, त्याला पूर्ण पत्ता दिल्यावर तो काय करेल, हा विचार त्यांनी केला नाही.

पोचबाबांनी एक रजिस्टर पत्र टाकलं, पोचपावतीसह. वर पत्ता: व्यवस्थापक, समाजमंदिर, आणि पुढे तो गट क्रमांक. आत लिहिलं होतं, की माझ्या पुतणीच्या लग्नासाठी अमुक तारखेला समाजमंदिर मिळावे.

मिलच्या गेटवर एक दिवाणजी बसत. गेटमधून येणारा ट्रक, पावती, पत्र, जे काही असेल त्याची नोंद तेच ठेवत. अतिशय चोख माणूस. हातात कागद आला की शिक्का मारल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यांनी पोस्टमनच्या पोचपावतीवर सही केली आणि सवयीप्रमाणे खाली ठणठणीत शिक्का मारला, मिलचा. एवढ्यावर थांबले असते तरी पोचबाबांचं काम झालं असतं. पण आलेल्या पत्राला आठ दिवसांत उत्तर गेलंच पाहिजे, असा दिवाणजींचा नियम होता. त्यांनी मिलच्या लेटरहेडवर उत्तर लिहिलं: आपण मागितलेल्या तारखेस सदर समाजमंदिर रिकामे नाही. तेथे धान भरलेले आहे. कळावे.

ते पत्र घेऊन पोचबाबा माझ्याकडे आले तेव्हा मी पहिल्यांदा त्यांना हसताना पाहिलं.

"लय चांगला माणूस आहे," ते दिवाणजींबद्दल म्हणाले. "असा एक माणूस पोस्टात असता त अर्धी डाक हरपली नसती."

ही बातमी सभापतीसाहेबांपर्यंत पोचायला एक दिवस लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी बीडीओ साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. सभापतीसाहेबांचा फोन आला होता. साहेब खिडकीकडे बघत म्हणाले, की तो म्हातारा आज जे आणेल ते घ्यायचं नाही. शिक्का नाही, नंबर नाही. तुमचा कायम होण्याचा कागद माझ्याच टेबलावर आहे, हेही त्यांनी आठवण म्हणून सांगितलं.

मी धीट बाई नाही. त्या वेळी तर मुळीच नव्हते. आईचा चेहरा डोळ्यांसमोर आला. पण इतके महिने आठवड्यातून दोनदा तेच वाक्य ऐकलं होतं, त्यामुळे तोंडातून दुसरं काही निघेना. मी म्हटलं, "साहेब, तेवढं लेखी द्या. मी फाईलला लावते."

साहेबांनी पंख्याकडे पाहिलं. मग टेबलाकडे. पेन उघडलं, परत बंद केलं. शेवटी म्हणाले, "घ्या मग. जे आणेल ते घ्या." बाहेर येऊन मी दोन ग्लास पाणी प्यायले. हे मी कोणालाच सांगितलं नाही. आईलाही नाही, पोचबाबांनाही नाही. अकरा वाजता ते आले, दिवाणजींचं पत्र जोडलेला अर्ज त्यांनी ठेवला, मी शिक्का मारला. शिक्का तिरका पडला. त्यांनी तो नीट निरखला आणि म्हणाले, "चालते. वाचता येते."

त्याच अर्जाच्या प्रती जिल्हा परिषदेला, कलेक्टरांना आणि नागपूरला आयुक्तांना गेल्या. महिन्याभरात चौकशी लागली. चौकशी अधिकारी येणार म्हटल्यावर मिलमधली पोती एका दिवसात हलली आणि इमारतीवर निळ्या रंगात 'समाजमंदिर' अशी अक्षरं उमटली. रंग ओला होता. अधिकारी भिंतीला टेकून उभे राहिले आणि त्यांच्या सफारीच्या पाठीवर उलटी अक्षरं आली. रजिस्टर घेऊन मी सोबत होते, सगळं पाहत होते, पण मला कोणी विचारलं नव्हतं.

सभापतीसाहेब हसतमुख होते. सगळ्यांना चहा दिला. म्हणाले, समाजमंदिर जनतेचंच आहे, जनतेला पहिल्यापासून खुलं आहे, लोकांचा काहीतरी गैरसमज झाला.

पोचबाबा पुढे आले. "मंग साहेब, किल्ली द्या," ते म्हणाले. "पोच मी लिहूनच आणली आहे."

आणि त्यांनी खिशातून कागद काढला. 'समाजमंदिराची किल्ली मिळाली', खाली त्यांची सही, तारखेसह. टोलीतली साठ-सत्तर माणसं गेटमध्ये उभी होती. चौकशी अधिकाऱ्यांनी दोघांकडे पाहिलं आणि सहज म्हणाले, "द्या ना किल्ली." सभापतीसाहेबांनी दिवाणजींकडे पाहिलं. दिवाणजींनी किल्ली दिली आणि पोचबाबांची पोच घेऊन, शिक्का मारून, फाईलला लावली.

पुतणीचं लग्न ठरल्या तारखेला तिथंच झालं, राइस मिलच्या आवारात. वऱ्हाड्यांच्या डोक्यावर कोंडा उडत होता, वधू-वरांनी त्रिशरण म्हणताना मिलचा भोंगा वाजला, पण नवरदेवाला एकदाही उठावं लागलं नाही. त्यानंतर टोलीने ती जागा सोडली नाही. साखरपुडा, बारसं, जयंतीची बैठक, महिला मंडळाची सभा, सगळं तिथंच. धानाचे ट्रक गेटबाहेर ताटकळू लागले. एका बारशात तर ट्रक ड्रायव्हरही जेवून गेले. शेवटी सभापतीसाहेबच कंटाळले आणि टोलीच्या गावठाणात नवं समाजमंदिर बांधून दिलं. उद्घाटनही त्यांनीच केलं. भाषणात म्हणाले, हे माझं फार जुनं स्वप्न होतं आणि ते मी स्वखर्चाने पूर्ण केलं.

टाळ्या थांबल्यावर पोचबाबा स्टेजवर चढले. "साहेब, स्वखर्चाने म्हणाले ना तुमी, थेवढं लिहून द्या. नाहीतर उद्या कागदावर हेही सरकारी निघंल, अन् मले पुन्हा पत्ता विचारा लागंल." साहेबांनी दिलं. माईक चालू होता.

चौकशीचा अहवाल मात्र आला नाही. जुन्या इमारतीत पुन्हा पोती भरली गेली. पोचबाबा दर तिमाहीला स्मरणपत्र देत राहिले. सभापतीसाहेब पुढच्या निवडणुकीत पडले तेव्हा मी म्हटलं, बाबा, झालं की तुमच्या मनासारखं. ते म्हणाले, "थे लोकायनं पाडलं. माही चौकशी बाकीच आहे." मी कायम झाले, लग्न झालं, बदली लाखनीला झाली. त्यांची स्मरणपत्रं जुन्या ऑफिसात येत राहिली, माझ्या जागी आलेल्या मुलाने मला फोन करून विचारलं, की हे कोण? मी सांगितलं, आधी शिक्का मार, मग विचार.

ते गेले तेव्हा टोलीच्या समाजमंदिरात शोकसभा झाली. माणूस मावत नव्हतं. मागच्या रांगेत दिवाणजी बसले होते, टोपी मांडीवर ठेवून. सभा संपल्यावर बाबांच्या सूनबाईंनी मला बाजूला बोलावलं आणि त्यांची वही हातात दिली. "ताई, तुमचं नाव आहे यात. बाबा म्हणत होते, एकदा दाखवा म्हणून."

समोरच्या पानांवर इतरांकडून घेतलेल्या पोचा होत्या. त्यात माझ्या घड्याळाची सहीही सापडली. पण वही मागून उघडली तर वेगळीच यादी होती, वर लिहिलेलं: 'माझ्याकडून पोच देणे बाकी'. पहिलं नाव गोंदियाच्या साहेबाचं. दुसरं दिवाणजींचं. तिसरं माझं, आणि पुढे तारीख, मला चांगली आठवणारी तारीख: 'बाईंनी तोंडी आदेश मानला नाही. नोकरी कच्ची असताना. शिपायाने सांगितले. पोच द्यायची राहिली.'

केबिनच्या दाराशी शिपाई उभा होता, हे मी इतकी वर्षं विसरले होते.

मी पर्समधून पेन काढलं. त्या ओळीखाली 'मिळाली' असं लिहिलं, तारीख घातली आणि सही केली. शिक्का तेवढा ऑफिसात राहिला होता.