सरांनी लिहून घ्यायला सांगितलेलं भाषण

इंटरच्या वर्गात असताना आमच्या नागरिकशास्त्राच्या प्राध्यापकांचं रेडिओवर भाषण होणार होतं. विषय होता ‘आपले शहर’. त्यासाठी ते दुसऱ्या गावी रेडिओ केंद्रावर जाणार होते. जाण्याआधी त्यांनी वर्गात सांगितलं, “सर्वांनी ऐका आणि लिहून आणा.” मी ते अगदी मनावर घेतलं.

मला नोट्स घेता येत नसत. म्हणजे हात भराभर चाले, पण काय घ्यावं आणि काय सोडावं हे कळत नसे. इतर मुलं चार वाक्यं ऐकून एक लिहीत, मी चारही लिहीत असे. सोडलेलं नेमकं परीक्षेत आलं तर? घरात विचारायला कोणी नव्हतं. वडील गेल्यावर आईनं तीन म्हशींवर घर चालवलं होतं, आणि तिला सही करायला मीच शिकवलं होतं.

कोल्हापुरात तेव्हा गवळी म्हैस घेऊन गिऱ्हाइकाच्या दारात जात. चरवी उपडी करून दाखवायची, आत पाण्याचा थेंब नाही हे घरच्या बाईनं बघायचं, मग तिच्या डोळ्यांसमोर धार काढायची. ज्यांना दाराशी नको असे ते सकाळी गवळ्यांच्या दूधकट्ट्यावर येऊन म्हशीशेजारीच उभ्यानं फेसाळ दुधाचा पेला पीत. आईच्या गिऱ्हाइकांच्या दारांमध्ये प्राध्यापकांचंही एक दार होतं. त्या गल्लीत मी कधी पाऊल टाकत नसे. मी गवळ्याचा मुलगा आहे हे कॉलेजात कोणाला ठाऊक नव्हतं, आणि होऊ नये म्हणून मी फार जपत होतो.

पेठेत रेडिओ एकच, तालमीच्या बाहेरच्या खोलीत. संध्याकाळी मी वही घेऊन त्याच्यासमोर मांडी घातली. “आमच्या सरांचं भाषण हाय,” म्हटल्यावर वस्तादांनी पोरांना गप्प केलं. वीस-पंचवीस माणसं जमली. आईही दाराशी येऊन उभी राहिली. लेकाचा मास्तर काय बोलतोय ते तिला ऐकायचं होतं.

सुरुवात छान होती. गटारं, कचरा, रंकाळ्यात कपडे धुणारे लोक. माणसं माना डोलावत होती. मग सर म्हणाले, “सकाळी या शहराच्या दारोदारी म्हशी उभ्या असतात. त्यांच्याबरोबरच्या माणसांत आणि त्या जनावरांत फरक एवढाच, की दावे एकाच्या गळ्यात असते आणि दुसऱ्याच्या हातात. आता यांची मुले कॉलेजात येऊ लागली आहेत. हाताचे शेण धुता येते. डोक्यातले कसे धुणार?”

मी लिहीत होतो. ते शेवटचं वाक्यही प्रश्नचिन्हासकट लिहिलं, आणि त्यानंतर मला कळलं की आपण काय लिहिलं.

वस्तादांनी उठून रेडिओ बंद केला.

“ह्यो तुझा मास्तर?” कोणीतरी मला विचारलं.

मी वही मिटली.

“चला रं,” एक गवळी ओरडला. “पाट्या भरा. त्याच्या दारात शेणाचा ढीग घालू, बघू कसा धुतोय!”

“व्हय, चला!”

“शेण कशाला वाया घालवताय?” आई दारातनं म्हणाली. “माझ्या गवऱ्या हुत्यात त्येच्या. त्येच्या दारात टाकून त्येला फुकट सारवण द्यायचं व्हय?”

माणसं हसली, पण आई हसत नव्हती. “उद्यापास्नं माझी म्हस त्येच्या दारात जाणार न्हाय. दूध पायजे तर चरवी घिऊन कट्ट्यावर यावं, आनि काय बोलला त्ये आमच्या तोंडावर बोलावं. त्येच्या बायकोवर माझा राग न्हाय, तिला सांगून येते.”

तेच ठरलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात म्हैस गेली नाही. दुसरा कोणी गवळीही गेला नाही. आठवड्याभरात त्या गल्लीतली इतर काही घरंही आमच्या बाजूनं म्हणून कट्ट्यावर येऊ लागली. एक म्हातारे वकील पेला हातात धरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “मला जनावरांत उभं राहायला आवडतं बुवा.” गाव असं हळूहळू चिडलं. कागलच्या बाजारातही लोक त्या भाषणाबद्दल विचारत, असं मामा येऊन सांगून गेला.

मग गावच्या दैनिकात सरांचं पत्र आलं. आपण गवळी समाजाबद्दल काहीही बोललो नाही, केवळ स्वच्छतेबद्दल बोललो, अडाणी लोकांनी स्वतःच्या मनातलं आपल्या तोंडी घातलं, असं त्यात होतं. मी ते पत्र तालमीत मोठ्यानं वाचून दाखवलं.

“म्हंजे आपुन खोटं?” वस्ताद म्हणाले.

वही घरी ट्रंकेत होती. वर्गात सरांनी लिहून आणलेलं गोळा केलं, तेव्हा मी विसरलो असं सांगितलं होतं. पुढच्या बाकावरच्या मुलांच्या वह्या मी चाळल्या होत्या. कोणाच्याही सारांशात ते वाक्य नव्हतं. त्यांना सोडायचं काय ते बरोबर कळलं होतं.

भीती होती ती टर्मची. हजेरी भरली नाही तर टर्म मंजूर होत नसे, आणि टर्म नाही तर परीक्षेला बसता येत नसे. हजेरी सरांच्या हातात होती. पण खरं सांगायचं तर एवढंच नव्हतं. वही दाखवायची म्हणजे मी कोण, तेही दाखवायचं.

आईला मी वहीबद्दल सांगितलं. ती धार काढत होती.

“तुझं कालेज तुझं हाय,” ती म्हणाली. “माझी म्हस माझी. मी माझं केलं.”

पुढं ती काही बोलली नाही. बोलली असती तर मला सोपं गेलं असतं.

रविवारी सकाळी सर कट्ट्यावर आले. बरोबर दोन प्रतिष्ठित गृहस्थ होते. गैरसमज मिटवायला आलो, असं त्यांनी सांगितलं. वस्तादांनी त्यांना बसायला घोंगडं टाकलं.

“बसा मास्तर.”

‘मास्तर’ म्हटल्यावर सरांचा चेहरा जरा आक्रसला. ते उभेच राहिले. “मी असं बोललो, हे कोणी ऐकलं?”

“आम्ही समद्यांनी!”

“ठीक. मग माझे शब्द काय होते, ते सांगा.”

तिथंच सगळं फिसकटलं. एक म्हणाला, आमाला म्हशी म्हनला. दुसरा म्हणाला, न्हाय, पोरं शेणात लोळत्यात म्हनला. तिसऱ्यानं आईवरनं शिवी दिली असं सांगितलं, जी सरांनी दिली नव्हती. सर बरोबरच्या गृहस्थांकडं बघून हसले. “बघितलंत?”

मी म्हशीच्या पलीकडं उभा होतो. वही सदऱ्याखाली खोचली होती. ती वाचायची म्हणून आणली होती की नाही, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. पण ते हसले आणि मी पुढं झालो.

“सर, माझ्याकडं लिहिलेलं आहे.”

मला ओळखायला त्यांना क्षणभर वेळ लागला. “तुम्ही? तुम्ही आमच्या वर्गातले ना? इथं काय करता?”

“ही माझी आई,” मी म्हणालो. आईच्या हातात दावं होतं. “आणि तुम्हीच लिहून आणायला सांगितलं होतं.”

“संदर्भ सोडून एखादं वाक्य वाचणं हा अन्याय आहे,” सर म्हणाले.

“मग संदर्भासकट वाच रं,” वस्ताद म्हणाले. “पयल्यापास्नं.”

मी पहिल्यापासून वाचलं. पानं चिकटत होती. गटारं आली तेव्हा एक म्हातारा म्हणाला, “ह्ये बराबर बोललाय की.” रंकाळा आला, तेव्हा दोघातिघांनी मान हलवली. कोणी मध्ये ओरडलं नाही. मग दाव्याचं वाक्य आलं, मुलांचं आलं, आणि शेवटचा प्रश्न आला. वाचून झाल्यावर मी वही सरांसमोर उघडी धरली.

“हे शब्द तुमचे नाहीत, असं तुम्ही म्हणा, सर. मग मी पान फाडतो.”

ते तसं म्हणाले नाहीत. खोटं तोंडावर बोलणं त्यांना जमलं नाही, एवढं श्रेय मी त्यांना देतो. हळू आवाजात म्हणाले, “दुखावलं असेल तर मी शब्द मागं घेतो.”

“रेडिओवर बोललासा, रेडिओवर मागं घ्या,” आई म्हणाली.

“ते शक्य नाही.”

“मग म्हस बी शक्य न्हाय.”

सर निघून गेले.

सोमवारी वर्गात हजेरी झाली. तेहेतीस झाला, आणि सर एकदम पस्तीस म्हणाले. माझा नंबर चौतीस. मला वाटलं, चुकून राहिला असेल. मी उभा राहिलो. “सर, चौतीस राहिला.” त्यांनी वर न बघता छत्तीस पुकारला.

मंगळवारी तसंच झालं. बुधवारीही. मी रोज उभा राहायचो, रोज तेच वाक्य म्हणायचो. कट्ट्यावरची गोष्ट कॉलेजात पोचली होती; मागच्या बाकावरून कोणी हळूच हंबरायचं. तरी मी बसायचो नाही. हजेरी संपेपर्यंत, ऐंशी नंबरापर्यंत उभा. पाय दुखायचे. घरी आई विचारायची, “आज?” मी म्हणायचो, “उभा.” ती म्हणायची, “बरं.”

दुसऱ्या आठवड्यातल्या शुक्रवारी मी उभा राहिलो, तोंड उघडलं, तेवढ्यात शेजारचा तेहेतीस नंबरचा मुलगा उठला. तो ब्राह्मणआळीतला, माझ्याशी तोवर एक शब्द बोलला नव्हता. त्याच्या सारांशातही ते वाक्य नव्हतं.

“सर,” तो म्हणाला, “चौतीस रोज येतो.”

मग पुढच्या बाकावरचा एक उठला. मग आणखी दोघं. वर्ग निम्मा उभा होता. सरांनी हजेरीपुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं.

“चौतीस,” ते म्हणाले.

“हजर,” मी म्हणालो. “आणि मागचे दहा दिवसही, सर.”