तलासरीचा चिखल, वाघदेव आणि पाच फेऱ्या

दादाचा फोन आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. "मंदा, तलासरीकडे सायकलची शर्यत आहे. बायकांचीसुद्धा. शेतातून सायकल चालवायची, मध्येच उतरायचं, ती खांद्यावर घ्यायची आणि पळायचं."

"मग सायकल न्यायचीच कशाला?" मी विचारलं. दादाने तारीख सांगून फोन ठेवला. मला मात्र दिवसभर दुसरं काही सुचेना. गेली तीन वर्षं मी रोज पहाटे गोदाकाठच्या देवळापर्यंत सायकलने जाऊन येते. वय बावन्न. शिवाय दादा डहाणूजवळ नरपडला राहतो, म्हणजे माझ्या माहेरीच. राहण्याजेवणाचा खर्च शून्य. २०१८ च्या थंडीत, मुलाची जुनी गिअरवाली सायकल घेऊन मी नाव नोंदवलं.

आमच्या ह्यांनी नियम मोठ्याने वाचून दाखवले. खेळाचं नाव सायक्लोक्रॉस. फेऱ्या पाच. वयाचे गट नाहीत, सगळ्या बायका एकत्र. सगळ्यांत पुढे असलेली स्पर्धक मागून येऊन तुम्हाला ओलांडून गेली की शिट्टी, तुम्ही बाद. पाचव्या फेरीला निघताना घंटा वाजवतात. तोवर टिकलात तर शर्यत पुरी करू देतात.

"तुला दुसऱ्या फेरीतच शिट्टी," हे म्हणाले.

"मी घंटा ऐकूनच येईन," मी म्हटलं. बोलून बसले खरी.

शनिवारी सकाळी नाशिकहून डहाणूची एसटी धरली. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार असा रस्ता. वळणं पोटाला जड जातात, तेव्हा निघताना पोटभर खाऊ नका आणि आल्याची वडी जवळ ठेवा. सायकल टपावर चढवली, तिचं तिकीट वेगळं.

"मावशी, सायकल असताना एसटी कशाला?" कंडक्टरने विचारलं.

"घाटात ती दमते," मी म्हटलं. पुढच्या बाकावरचे आजोबा जव्हारपर्यंत हसत होते.

जव्हारला चहा घ्या, खाणं घरचं न्या. माझ्याकडे धपाटे होते, ते कंडक्टरलाही दिले. मग डहाणूला उतरवताना सायकल त्याने स्वतः फुलासारखी खाली घेतली. नरपडला वहिनीने ओले बोंबील केले होते. शनिवार म्हणून मी वरणभात खाल्ला आणि माझ्या वाटणीचे बोंबील दादाने, शर्यत त्याचीच असल्यासारखे, संपवले.

रविवारी उजाडताच दादाच्या टेम्पोत चिकूच्या रिकाम्या क्रेटमध्ये सायकल आडवी घातली. चारोटीला हायवेला लागलो की गुजरातच्या हद्दीवरच्या अच्छाडकडे निघालेले ट्रक सोबतीला असतात. लहान गाडी असेल तर डाव्या कडेने, घाई न करता जा. तलासरीला चहा प्यायलो. गुजराती चहावाल्याने टेम्पोतली सायकल पाहिली, मग मला पाहिलं. "बेन, तमे पण?" एवढंच म्हणाला आणि चहात आलं जास्त घातलं.

शर्यतीचं शेत पाड्याच्या कडेला होतं. भात कधीच कापून झालेलं, जमीन कडक. आणि तिथे काही मंडळी टँकरने पाणी सोडून मुद्दाम चिखल करत होती! बांधावर पाड्यातल्या पाचसहा बायका बसल्या होत्या. त्यांतली एक ठणठणीत म्हातारी विचारत होती, "आता लावणी करतात काय ही?"

बाकीच्या मुली विशी-पंचविशीतल्या. राज्यस्पर्धा गाजवून आलेल्या. त्यांच्या सायकली स्टँडवर बसवलेल्या, आणि त्या एकाच जागी पायडल मारून घाम काढत होत्या. निघायच्या आधीच दमून घ्यायचं, हे काही मला समजलं नाही. पुण्याची सायली नावाची मुलगी तर एका बोटावर सायकल उचलत होती.

शिट्टीवाले सर माझ्याकडे आले. "काकू, प्रेक्षक तिकडे."

मी छातीवरचा नंबर दाखवला. चोवीस. त्यांनी कागद पाहिला, मला पाहिलं, पुन्हा कागद पाहिला. मग माझ्या सायकलचं कॅरिअर आणि स्टँड काढायला लावलं. मी ओढणी कमरेला खोचली, अंबाडा खाली घेऊन हेल्मेट घातलं आणि गणपतीचं नाव घेतलं.

वाट अशी: आधी गवत, मग दोन आडव्या फळ्या, तिथे उतरून सायकल उचलायची. मग टेकाडाचा चढ, माथ्यावर झाडाखाली शेंदूर लावलेला वाघदेव. तिथून उतार, खाली चाळीस पावलं चिखल, आणि लगेच फेरी संपल्याची पांढरी रेघ.

पहिल्या फेरीत टेकाडावर पोचेपर्यंत मी सगळ्यांत शेवटी. वाघदेव समोर आला आणि माझी सायकल आपोआप थांबली. देवासमोरून सायकलवर बसून जायची मला सवय नाही. उतरले, बूट काढले, हात जोडले. "देवा, घंटेपर्यंत ने." बूट परत घालू गेले तर गवतातल्या दवाने भिजलेल्या नाडीची गाठ सुटेना. राहू देत म्हटलं, देवाच्या राखणीत आहेत. अनवाणीच उतार उतरले.

खाली चिखलात गोंधळ उडालेला. मुलींचे खिळ्यांचे बूट रुतत होते. एकीचा बूट आत राहिला आणि ती बाहेर, मोज्यावर. बांधावरची म्हातारी मला ओरडली, "बाय, टाच नको टेकू! बोटं घाल आधी!"

मला कसली शिकवते! आमच्या बाबांच्या शेतात लग्नापर्यंत लावणी केली आहे. सायकल खांद्यावर टाकली, बोटं आधी रोवली, पाय तिरका उपसला. सहाजणींना मागे टाकलं. बांधावर टाळ्या पडल्या.

"काकू, बूट?" रेघेवर सर ओरडले.

"देवापाशी!"

ते नियमांचा कागद वाचू लागले. हेल्मेट हवं असं लिहिलं होतं, बुटांचं काहीच नव्हतं.

गवतावर त्यांतल्या दोघीतिघी मला पुन्हा मागे टाकायच्या आणि चिखलात मी पाचसहाजणींना गाठायची. दुसरी फेरी, तिसरी फेरी. प्रत्येक वेळी वाघदेवापाशी उतरणं, हात जोडणं, तेच मागणं. अनवाणी तळव्यांना पायडल चावत होतं. मागे शिट्ट्या वाजत होत्या, मुली बाद होत होत्या.

चौथ्या फेरीत फळ्यांपाशी दादा ओरडला, "मंदा, आली ती! मागे बघू नको!" सायली. तिची शेवटची फेरी, माझी शेवटून दुसरी. टेकाड चढताना तिचा श्वास ऐकू येत होता. समोर वाघदेव. न थांबता गेले तर घंटा नक्की. थांबले तर शिट्टी. मनात म्हटलं, देवा, आज तेवढं बसल्याबसल्याच चालवून घे. पण पाय ऐकेचनात, ते उतरले. हात जोडले आणि मागायचं विसरूनच पळाले.

उताराच्या तळाशी ती माझ्या खांद्याला खांदा लावून होती. दोघी चिखलात. दोघींच्या खांद्यावर सायकली.

"आजी, साइड द्या!"

आजी? घरात अजून सून यायची आहे! अंगात काय संचारलं देव जाणे. बांधावरच्या साऱ्या बायका उभ्या राहिल्या, "बोटं, बाय, बोटं!" ती ताकदीने पाय ओढत होती, मी सवयीने. रेघ आली तेव्हा माझं पुढचं चाक तिच्या चाकाच्या वीतभर पुढे होतं.

सरांच्या तोंडात शिट्टी होती. ती काढून त्यांनी माझ्यासाठी घंटा वाजवली. आमच्या देवळातल्या घंटेच्या मानाने अगदीच किरकोळ आवाज, पण मी कोपरापासून हात जोडले.

सायली जिंकली, सगळे तिच्याभोवती जमले. मी पाचव्या फेरीला निघाले. वाटेच्या पट्ट्या गुंडाळायला सुरुवात झाली होती. एक शेळी फळ्यांवर बसली होती, तिला वळसा घातला. वाघदेवापाशी उतरले. ह्या वेळी मागायला काहीच नव्हतं. हात जोडले, बूट गळ्यात अडकवले आणि खाली आले. रेघेवर दादा होता, आणि हात पुढे करून सायली. "सॉरी, काकू. मला तो चिखलातला पाय दाखवाल?" मग मी आणि म्हातारीने मिळून तिला अर्धा तास चिखलात चालवलं.

सोमवारी नाशिकला परत. चार दिवस जिना उलटा उतरत होते, तळव्यांना खोबरेल. हा प्रवास करायचा तर आठवडाभराची कामं आधी उरकून ठेवा. माझा नंबर तेरावा, टिकलेल्या तेराजणींत. बाकी अकरा बाद. घंटेचा तो किरकोळ आवाज अजून पोळ्या लाटताना कानात येतो.

ह्यांनी निकाल दोनदा वाचला, चष्मा काढला. "ठीक. पण पुढच्या वर्षी तू एक वर्षाने म्हातारी होशील."

"त्या मुलीही होतील," मी म्हटलं. "मला निदान त्याची सवय आहे."