उताराच्या पायथ्याची काळी माती आणि आमचे साडू

माझ्या थोरल्या साडूंइतका दुसऱ्याला तुच्छ लेखणारा माणूस मी दोन्ही खंडांत पाहिलेला नाही, आणि तुच्छ लेखणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, कारण माझं शिक्षण पुण्यात झालं. पुण्यातला माणूस निदान स्वतःला श्रेष्ठ समजतो म्हणून दुसऱ्याला कमी लेखतो. साडूंचं स्वतःबद्दलचं मतही फारसं बरं नव्हतं. त्यांच्या मते या जगात आदर करण्याजोगी वस्तू एकच होती, ती म्हणजे आयोवा राज्यातल्या हलक्या उतारांच्या पायथ्याशी साठलेली, अडीच फूट खोल, काळीभोर पोयट्याची माती. तिच्याखालोखाल तशीच पण कमी खोल माती, मग गांडुळं, मग बऱ्याच अंतरावर माणसं, आणि माणसांत सर्वांत शेवटी इंजिनियर. मी इंजिनियर होतो.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी आयोवातल्या एका लहान गावी, शेतीच्या यंत्रांचे गिअर बनवणाऱ्या कारखान्यात नोकरीला लागलो, ते मुख्यतः बायकोची थोरली बहीण तिथे राहते म्हणून. गावात मराठी घरं चार. बायको साडूंना भाऊजी म्हणायची; मी नुसत्या ‘अहो’वर भागवत असे. ते मला सरळ ‘इंजिनियर’ म्हणत, आणि ‘कंपाउंडर’ म्हणावं अशा सुरात म्हणत. विदर्भातल्या शेतकी कॉलेजातून निघून हा गृहस्थ इथे पीएच.डी.ला आला आणि नंतर सरकारच्या माती-पाहणीच्या कामात शिरला. काम असं की, काउंटीतल्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागातल्या, प्रत्येक शेतात चालत जायचं, जमिनीत चार-पाच फूट गिरमिट फिरवून माती वर काढायची, रंग-पोत पाहायचा आणि विमानातून काढलेल्या फोटोवर कुठली माती कुठे संपते याच्या रेषा ओढायच्या. तीनशे शेतं झाली की पुढची तीनशे. दहा वर्षं हे करणाऱ्या माणसाची माणसांत मिसळायची सवय जाते, अशी त्यांची बाजू ताई, म्हणजे बायकोची बहीण, घ्यायच्या. माझ्या मते ती सवय त्यांना मुळातच नव्हती.

त्यांच्या खिशात एक लहान बाटली असे, तिच्यात पातळ केलेलं अ‍ॅसिड. मातीवर थेंब टाकला आणि फसफसलं की चुनखडी आहे असं समजायचं. या बाटलीमुळे त्यांच्या एकूण एक शर्टांना डाव्या बाजूला भोकं होती आणि तसेच शर्ट घालून ते लग्नकार्याला येत. मातीचा पोत बघायची त्यांची पद्धत म्हणजे चिमूटभर माती ओली करायची, अंगठा आणि बोटात दाबत तिची पट्टी काढायची, आणि पट्टी किती लांबीवर तुटते ते पाहायचं. संशय राहिला तर कण दातांखाली धरायचा. एका गणपतीला न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेहून माझ्या बायकोचे एक डॉक्टर काका आणि काकू आल्या होत्या. काकूंनी पुरणपोळ्यांसाठी कणीक भिजवून ठेवली होती. साडू ओट्यापाशी आले, त्यांनी कणकेचा गोळा उचलला, बोटांनी पट्टी काढली आणि म्हणाले, “इंचावर तुटतेय. फुटणार पोळ्या.” पोळ्या फुटल्या, आणि काकूंनी त्यांना कधीही क्षमा केली नाही.

त्याच जेवणात डॉक्टरकाका आपल्या न्यू जर्सीच्या बागेतल्या टोमॅटोंचं कौतुक करत होते. साडूंनी त्यांना विचारलं, “माती कुठची?” काका म्हणाले, “दुकानातली. पिशवीत मिळते ना.” साडूंनी त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं एखादा पहिलवान दंडात हवा भरलेल्या माणसाकडे पाहील. सावरून घ्यायला मी म्हणालो, “आपल्याकडेसुद्धा काळी मातीच की हो. विदर्भात काय कमी आहे?” आता नजर माझ्याकडे वळली. “इंजिनियर, रंग सारखा म्हणून जात सारखी होत नाही. ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात पायाला धरून बसते. ही बारा महिने भुसभुशीत. कॉफीच्या चोथ्यासारखी मोकळी. हजारो वर्षं गवत मेलं, कुजलं, मुळं खाली गेली, आणि वरच्या टेकाडाचं जे जे चांगलं होतं ते हळूहळू वाहून पायथ्याशी आलं. माथ्यावर काय उरलं? सहा इंच. माथ्यावर राहणारी माणसं बघा, तशीच असतात.” डॉक्टरकाकांचं घर टेकडीवर होतं.

त्यांच्या स्वतःच्या मुलीनं शाळेत बापाचा व्यवसाय सांगताना “ही लुक्स अ‍ॅट डर्ट” असं लिहिलं, तेव्हा ‘डर्ट’ म्हणजे कचरा, ‘सॉइल’ म्हणजे माती, अशी अर्ध्या पानाची दुरुस्ती त्यांनी बाईंना पाठवली. मुलगी आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. त्यांना ते कळलंच नाही.

मातीचे नमुने ते फ्रिजमध्ये ठेवत, मार्गारीनच्या रिकाम्या डब्यांत. अमेरिकेतल्या प्रत्येक मराठी फ्रिजमध्ये मार्गारीनच्या डब्यात मार्गारीन सोडून सगळं असतं, तेव्हा एकदा माझी बायको बहिणीच्या फ्रिजमधून काळा मसाला म्हणून एक डबा घेऊन आली आणि तो तिनं भरल्या वांग्यात घातला. मी दोन वांगी खाल्ली. जरा कचकचलं, एवढंच. दुसऱ्या दिवशी डब्याचा शोध सुरू झाला आणि उलगडा झाला. मला काही त्रास झाला का, हे साडूंनी विचारलं नाही. “किती घातली?” त्यांनी फोनवर विचारलं. “तीन चमचे,” बायको म्हणाली. ते म्हणाले, “म्हणजे ते भोक पुन्हा पाडावं लागणार,” आणि फोन ठेवला.

अशा माणसाला न विचारता मी घरासाठी जागा घेतली, यात नवल नाही. आयुष्यातली एक तरी गोष्ट त्यांच्या तोंडाखालून जाऊ नये, अशी माझी इच्छा होती. गावाबाहेर एका निवृत्त शेतकऱ्यानं आपल्या शेताचा कोपरा विकायला काढला होता. मागे हलकं टेकाड, पुढे रस्ता, मधे सपाट. रविवारी त्यांच्याकडे जेवताना बायकोनं आनंदानं सांगून टाकलं.

“कुठे?” साडूंनी विचारलं.

मी रस्ता सांगितला.

“वर ओकची तीन झाडं आहेत, तिथे?”

“हो.”

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. “ती मी स्वतः नोंदवली आहे. एकतीस इंच काळी. अख्ख्या काउंटीत तशी चार ठिकाणं सापडली मला. तिच्यावर तुम्ही काय ठेवणार? सोफा?”

मी हसण्यावारी नेलं. ते हसले नाहीत. “बरं, घर बांधा. तळघर काढू नका. टेकाडाचं पाणी जमिनीखालून तिथेच येतं, म्हणून तर ती माती तशी आहे. खणाल तेव्हा कमरेएवढ्या खोलीवर गंजासारखे तांबूस ठिपके दिसतील. ते दिसले की समजा, वसंतात पाणी तिथवर उभं राहतं.”

“इथे टोर्नॅडो येतात. तळघराशिवाय कोण घर बांधतं?”

“जागा न बघता कोण घेतं?”

तिथे मी गप्प बसायला हवं होतं. पण पाच वर्षांचा ‘इंजिनियर’ माझ्या घशात साचला होता. मी म्हणालो, “तुम्ही बारा वर्षं भाड्याच्या घरात राहताय. दुसऱ्यानं बांधलेलं बघवत नाही, असं तर नाही ना?”

ताई उठल्या आणि कोशिंबिरीचं भांडं, अर्धं भरलेलं असताना, आत घेऊन गेल्या. साडूंनी थोडा वेळ ताटाकडे पाहिलं. “बघवत नाही, हे खरं आहे,” ते म्हणाले.

त्यानंतर जाणं-येणं थांबलं. दोघी बहिणी नवरे कामावर गेले की फोनवर बोलत. दिवाळी आम्ही चार घरांऐवजी दोन-दोन घरांत केली, आणि चारही घरांना ती बेचव लागली.

पाया खणायला सुरुवात झाली त्या दिवशी मी दुपारच्या सुट्टीत जागेवर गेलो, तर यंत्र बंद. चालवणारा म्हातारा, जन्माचा तिथलाच, खड्ड्यात गुडघ्यांवर बसलेला. शेजारी गमबूट घातलेले साडू, हातात चाकू. ते खड्ड्याची भिंत वरपासून खालपर्यंत अलगद खरवडत होते आणि त्याला एकेक थर दाखवत होते. इतक्या हळू आवाजात ते बोलू शकतात हे मला माहीत नव्हतं. म्हाताऱ्यानं एक ढेकूळ हातात घेऊन चुरलं, वास घेतला आणि मला म्हणाला, “मी जन्मभर हिच्यावरून ट्रॅक्टर चालवला. हिला बाजूनं कधी बघितलंच नव्हतं.” मग तो यंत्रावर चढला आणि मला न विचारता, काळी माती वेगळी आणि खालची पिवळट वेगळी, असे दोन ढीग करायला लागला. अर्धा दिवस फुकट गेला. साडू खड्ड्यातून वर आले, हात झटकले, “ओता आता काँक्रीट,” म्हणाले आणि गाडीत बसून गेले.

ते गेल्यावर मी खड्ड्यात उतरलो. कमरेएवढ्या खोलीवर तांबूस ठिपके होते. स्पष्ट होते. मी ते पाहिले, वर आलो, आणि बायकोलासुद्धा काही सांगितलं नाही.

घर झालं, आम्ही राहायला गेलो. एप्रिलमध्ये बर्फ वितळलं आणि त्यावर दोन दिवस पाऊस पडला. तिसऱ्या दिवशी सकाळी तळघराच्या पायऱ्या उतरलो तर शेवटची पायरी दिसेना. पाण्यावर मुलांची खेळणी तरंगत होती, त्याचं काही नाही. पण भिंतीशी एक पत्र्याची ट्रंक होती आणि तिच्यात माझ्या वडिलांची पत्रं. मी इकडे आल्यापासून ते दर आठवड्याला एअरोग्रामचं एक निळं पत्र लिहीत, शाईच्या पेनानं, कडेपर्यंत भरून. आदल्या वर्षी ते गेले, मला पोचता आलं नाही. ती पत्रं पुन्हा वाचायची म्हणून मी जपून खाली ठेवली होती. ट्रंक उघडली तेव्हा आत एक निळा, ओला गठ्ठा होता. मी पाण्यात उभा राहिलो.

बायकोनं बहिणीला फोन केला असणार. तासाभरात साडू हजर. त्यांनी पायरीवर उभं राहून मोजपट्टी पाण्यात सोडली. “साडेआठ इंच,” ते म्हणाले. “मला सहा वाटलं होतं.” मी मान खाली घालून म्हणालो, “ठिपके मी पाहिले होते.” पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. “पाहिले होते? मग तुम्ही मूर्ख नाही. लबाड आहात. लबाड सुधारतो.” मग त्यांचं लक्ष ट्रंकेकडे गेलं. काय आहे ते त्यांनी विचारलं, मी सांगितलं. गठ्ठा दोन्ही हातांवर, तान्हं मूल धरावं तसा धरून, ते गाडीकडे गेले.

पुढचे दोन शनिवार-रविवार ते आमच्या घरामागे चर खणत होते. टेकाडाकडून येणारं पाणी घराच्या वरच अडवून, भोकं असलेल्या नळीतून रस्त्याकडेच्या नाल्यात सोडायचं होतं. तो म्हातारा त्याचं यंत्र घेऊन आपण होऊन आला. मी नळ्या उचलायला होतो. “भोकं खाली, इंजिनियर,” साडू म्हणाले. “पाणी खालून चढतं. गिअरला कळत नसेल, तुम्हाला कळायला हरकत नाही.” बायका वरून चहा आणि पोहे आणत होत्या आणि आम्हाला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं हसत होत्या. वेगळी ठेवलेली काळी माती त्यांनी परसात स्वतः पसरली. त्यावर मेथी आली ती अशी, की चार घरांना पुरून उरली.

महिन्याभरानं ते एक खोकं घेऊन आले. आत मातीचे नमुने ठेवायच्या खाकी पिशव्या, प्रत्येकीवर क्रमांक आणि तारीख. त्यांनी एकेक पत्र सोडवून, ऑफिसात नमुने वाळवतात त्या फळ्यांवर, उष्णता न देता वाळवलं होतं. काही ठिकाणी शाई पसरली होती, पण दोनशेच्या वर पत्रं वाचता येत होती. तारखेवारी लावायची म्हणून त्यांना ती थोडी वाचावी लागली असणार. मला आभार कसे मानावेत ते कळेना. त्यांनी ती वेळ येऊ दिली नाही. “वडिलांचं अक्षर सुरेख होतं,” ते म्हणाले. “तुमच्यात उतरलं नाही.”

दशक संपता संपता काउंटीची पाहणी पूर्ण झाली आणि त्यांची बदली पश्चिमेकडे, नेवाडाच्या वाळवंटी भागात झाली. गुडघे गेले होते, म्हणून काम बहुतेक टेबलावरचं. जाताना त्यांनी निरोपासाठी गोळा झालेल्या चारही घरांतल्या माणसांचा यथाशक्ती अपमान केला आणि ते गेले. सहा महिन्यांनी मी त्यांना फोन केला. त्यांचा आवाज थकलेला वाटला. बोलायला काही नव्हतं, म्हणून मी विचारलं, “तिकडची माती कशी आहे?” चांगलं दहा मिनिटं ऐकावं लागेल, अशा तयारीनं मी खुर्ची ओढून बसलो होतो.

ते म्हणाले, “पातळ आहे. फिकट. पाणीच नाही तर ती तरी काय करणार. बिचारी करतेय प्रयत्न.”

मी आणखी काहीबाही विचारलं आणि फोन ठेवला. बायको म्हणाली, “काय झालं? काही बोलले का तुला?” मी म्हटलं, नाही, काहीच बोलले नाहीत. एकदाही ‘इंजिनियर’ म्हणाले नाहीत.