पाचव्या वेळचा आकडा

माझ्या पीएचडीच्या गाईडसरांनी आयुष्यात एकही वस्तू एकदाच वापरून फेकलेली नाही. स्वारगेटहून बसने वाघोलीच्या कॉलेजात येताना त्यांच्या खांद्याला जी पिशवी असे, ती त्यांच्या लग्नातल्या सफारीच्या कापडाची आहे असं सगळे सांगत, आणि सर ते नाकारत नसत. आलेली पाकिटं उलटी करून ते पुन्हा चिकटवत. लॅबमधल्या निम्म्या बाटल्यांवर त्यांच्या बारीक अक्षरातली चिठ्ठी असे: ‘वापरलेले. चांगले आहे. फेकू नये.’ माझ्या एका सीनियरने तसली चिठ्ठी सरांच्याच खुर्चीला चिकटवली. सरांनी ती वाचली, मान डोलावली आणि तशीच राहू दिली.

संशोधनही याच स्वभावाचं. एरवी आमच्यासारख्या प्रयोगांत तीव्र आम्ल ओततात आणि काम झालं की ते सौम्य करून मोरीत सोडून देतात. सरांना मोरीचं फार वाईट वाटे. “तिनं तुमचं काय वाईट केलंय?” असं ते पाहुण्या प्राध्यापकांनाही विचारत. आमच्याकडे आम्लाचंच काम करणारी एक करडी पूड होती. काम झालं की गाळायची, धुवायची, वाळवायची, परत वापरायची. तीच पूड किती वेळा चालते, यावर माझा प्रबंध उभा राहणार होता.

चार वेळा चालली. दर वेळी तयार होणारा पदार्थ जरासा कमी मिळे. पाचव्या वेळेआधी मी गाळणकागद पुडीसकट कचऱ्यात टाकला, आणि लक्षात आलं ते कचरा गेल्यावर. म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून. इंग्रजी शाळेत शिकलेली मी, सरांशी बोलताना वाक्य मनात दोनदा जुळवून घेई. चूक कबूल करणारं हे वाक्य जुळेचना. शेवटी बाटलीतली ताजी पूड घेतली आणि आलेला आकडा ‘पाचवी वेळ’ म्हणून वहीत लिहून टाकला.

सरांनी वही बराच वेळ पाहिली. मग चष्मा काढून म्हणाले, “चार वेळा थकत गेलेली पूड पाचव्या वेळी एकदम तरुण? अहो, मलाही द्या यातली चमचाभर.”

मी सगळं सांगितलं. त्यांच्यासमोर न जुळवता बोललेली ती माझी पहिलीच वाक्यं असावीत. लाजेनं पान फाडायला गेले, तर त्यांनी वहीवर हात ठेवला. “फाडू नका. एक रेघ मारा. खालचा आकडा वाचता आला पाहिजे.”

एवढंच. दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा सर माझ्याआधी येऊन नवी पूड मोजत बसले होते.

आता ते निवृत्त आहेत, मी खराडीतल्या एका कंपनीच्या लॅबमध्ये असते. मागच्या रविवारी फोन केला. त्यांच्या दुसऱ्या गुडघ्याचंही ऑपरेशन झालं होतं. चालणं कसं आहे, विचारलं.

“दर वेळी जरासं कमी,” सर म्हणाले. “पण आकडा खरा सांगतोय.”

फोन ठेवल्यावर मी ती वही काढली. रेघेखालचं सगळं अजून नीट वाचता येतं.