गयानं बोट ठेवलं ती जागा

डॉक्टरांनी तिला विचारलं होतं, "मावशी, काय होतंय?" आणि बोललो मी. "पित्त हाय साहेब. लोणचं खाती लय." गयानं माझ्याकडं बघितलं अन् मान हलवली. गोळ्या घेऊन आम्ही नवरा-बायको पूर्णेहून चुडाव्याला परत आलो. दुपारी ती ज्वारी निवडायला बसली, सुपावर वाकली, ती उठलीच नाही. मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा सगळं संपलं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हृदयाचं होतं. आधी खांदा, जबडा दुखतो म्हणाल्या होत्या का?" तिथंही मीच म्हणालो, "न्हाई." त्याला आता दोन महिने होतील...

मी चौथी शिकलेला माणूस. सगळी उमर रेल्वेत गेली, रुळाच्या कामावर. हातोडीच्या आवाजावरून रुळातली भेग सांगायचो, आणि घरातल्या माणसाचं मला कळलं नाही. अश्विनी म्हणाली, "आबा, आजीचं लिवा तुमी." अश्विनी म्हणजे माझ्या मुलीची मुलगी. तिचं सांगितल्याशिवाय गयाचं सांगता येत नाही. ती पुण्यात शिकली. मोबाइलच्या पडद्यावर कोणतं बटण कुठं ठेवलं म्हणजे माणसाला न विचारता कळेल, ते ठरवायचं काम. नोकरी पाहिजे तर आपल्या कामाचे नमुने मांडून दाखवावे लागतात, त्याला पोर्टफोलिओ म्हणतात. तिचा चार ठिकाणांहून परत आला. एका सरांनी तोंडावर सांगितलं, पडदे देखणे आहेत, पण हे एका तरी माणसाला वापरायला दिलंस का? पोरगी तोंड पाडून आमच्याकडं आली. इथं बसून तिनं दवाखान्यात नंबर लावायचं ॲप तयार केलं आणि आजीला समोर बसवलं. गयाला अक्षरओळख नव्हती. म्हणून पडद्यावर माणसाचं चित्र होतं. दुखतं तिथं बोट ठेवायचं, एवढंच.

पहिल्या दिवशी अश्विनी विचारायची आजीला आणि उत्तर द्यायचो मी. शेवटी ती वैतागली. "आबा, तुमी बाहेर बसा बरं."

"का? मी काय चावायलोय?"

गया हसली. "त्यांना बटणाची गरज न्हाई बाई. ते न दाबताच वाजतेत."

मी रागानं ओट्यावर जाऊन बसलो, पण कान आतच होते. अश्विनी म्हणाली, "आजी, समज तुझं पोट दुखायलंय. ठेव बोट."

"माझं कुठं पोट दुखायलंय?"

"अगं, समज म्हणलं."

"खोटं दुखणं सांगू न्हाई बाई. खरं होतंय."

आमच्याकडच्या म्हाताऱ्या बाया हे पाळतात, नसलेला आजार तोंडातून काढत नाहीत. मी बाहेरून ओरडलो, "अगं ठेव की कुठंबी! पोरीच्या नोकरीचं हाय!" मग तिनं ठेवलं. डाव्या खांद्यावर. अश्विनी म्हणाली, "चुकलं गं आजी." पाच दिवस हेच चाललं. पोट सांगितलं तरी डावा खांदा, गुडघा सांगितला तरी डावा खांदा, एक-दोनदा जबडा. मी म्हणालो, "हिचं बोट जाड हाय आन् डोकंबी." आम्ही आजा-नात हसलो. तीही हसली... अश्विनीला वाटलं, चित्र लहान पडतंय. तिनं ते मोठं केलं. सहाव्या दिवशी पोट म्हटल्यावर गयानं मुकाट्यानं पोटावर बोट ठेवलं. "जमलं!" म्हणून पोरीनं आजीच्या गळ्यात हात टाकले. नातीसाठी तिनं खोटं दुखणं सांगितलं, हे आम्हाला दोघांनाही कळलं नाही.

तेच काम बघून पुण्याच्या एका कंपनीतून मुलाखतीचं बोलावणं आलं. पंधरा दिवसांत गया गेली. कंपनीनं तारीख पुढं ढकलली. तेराव्यानंतर अश्विनीनं लॅपटॉप उघडला, कारण तिथं जाऊन हे सगळं समजावून सांगायचं होतं. चित्रावर आजीनं बोट ठेवलं तिथं तिथं लाल ठिपका होता. पोटावरचा एक सोडला तर सगळे डाव्या अंगाला दाटलेले. खालचा मजकूर ती मला वाचून दाखवायली होती, "चित्र लहान असल्यामुळे बोट चुकत होतं. मोठं केल्यावर अडचण..." आणि तिथंच थांबली.

"आबा, हे पानच काढून टाकते."

"ठिपके ऱ्हाऊ दे. खालचं खोड."

तिनं खोडलं. "मग हितं काय लिवू? किती दिसापासून दुखत हुतं तिला? तुमाला कधी म्हणली का?"

मी तोंड उघडलं. पन्नास वर्षं तिच्या वतीनं बोलत आलो. दुकानात, दवाखान्यात, पोरीच्या सोयरिकीत. तिला काय पाहिजे, काय नको, कुठं दुखतंय... सगळं मला माहीत असायचं. त्या दिवशी एक शब्द फुटला नाही. ती जागा कोरी ठेवूनच पोरगी पुण्याला गेली. नोकरी लागली तिला. फोनवर सांगताना रडत होती.

जाण्याआधी तिनं ते चित्र ठिपक्यांसकट मला कागदावर काढून दिलं. गयाच्या खाटेजवळच्या भिंतीला चिकटवलंय. अजून कुणी ना कुणी भेटायला येतं, चहा घेतं, विचारतं, "काय झालतं हो बाईला?" आता मी बोलत नाही. कागदाकडं बोट दाखवतो.