जालं म्हणजे मोतीबिंदू नव्हे

ठाण्यातल्या बाळकुमच्या कोळीवाड्यातली जनाबाई गेली सदतीस वर्षं माजिवड्याच्या सोसायट्यांमध्ये मासे विकते. कोणाची चतुर्थी, कोणाचा सोमवार, कोणाकडे श्रावण कडक आणि कोणाकडे नुसता नावाला, सगळं तिला तोंडपाठ. उपासाच्या दिवशी तिने कधी कोणाची बेल वाजवली नाही. लोकांचं एवढं ध्यानात ठेवणाऱ्या बाईचं एक वाक्य मात्र कोणी धड ऐकलं नाही.

त्या बुधवारी सकाळी खवले काढता काढता तिच्या डाव्या डोळ्यापुढे काहीतरी आलं. खवला उडाला असेल म्हणून तिने पाण्याचे हबके मारले. गेलं नाही. खाडीत पाग टाकल्यावर जाळं पसरतं, तसं ते काळपट, भोकाभोकांचं, डोळ्यापुढे पसरत होतं. उजवीकडे बघितलं की उजवीकडे धावायचं, मान थांबली की सावकाश खाली बसायचं. आणि कडेला वीज चमकायची. आभाळ तर कोरडं ठणठणीत.

सून मेघाली म्हणाली, "आत्या, आज मंडळाच्या हॉलमध्ये डोळ्यांचं शिबिर आहे. चला."

हॉलच्या दारात टेबल मांडून जयेश बसला होता. मंडळाचा कार्यकर्ता; गळ्यात ओळखपत्र, एक डोळा मोबाईलवर.

"बोला आजी."

"माझ्या डाव्या डोल्यान जालं आयलंय."

कोळीवाड्यात डोळा म्हणजे डोला आणि जाळं म्हणजे जालं. पिढ्यान् पिढ्यांची बोली आहे ती. जयेशच्या कानाला मात्र सवय हिंदीची. हिंदीत डोळ्यात जाला म्हटलं की लोक मोतीबिंदूच समजतात. त्याने वर न बघता लिहिलं: मोतीबिंदू, डावा. ऑपरेशनची तारीख बावीस दिवसांनंतरची. आत डॉक्टर बसले होते, पण तिथे फक्त चष्म्याचे पेशंट सोडत होते.

"अरे, ते हलतंय. वीज पण चमकते," जनाबाई म्हणाली.

"आजी, मोतीबिंदू पिकला की असंच होतं. टेन्शन नाय घ्यायचं."

"कोणी सांगितलं तुला?"

"कोळणीच्या डोळ्यात जाळंच येणार ना. पापलेट थोडंच येणार?" मागच्या रांगेत दोघंतिघं हसली.

जनाबाई चिठ्ठी घेऊन घरी आली. जेवली नाही. हसण्याचं दुःख नव्हतं. बाजारात बसणाऱ्या बाईला टोमण्याचं काय? पण मोतीबिंदू तिने घरात पाहिला होता. तिच्या नवऱ्याला, गोमाजीला, शेवटची दोन वर्षं सगळं धुक्यातून दिसायचं. धुकं डोळा फिरवला म्हणून पळत नाही. हे तिला कळत होतं आणि शिकल्यासवरल्या पोराला कळू नये? शिबिर भरवायचं, बॅनरवर आपले फोटो लावायचे आणि समोरच्या म्हातारीला एक प्रश्न विचारायचा नाही. ही कसली सेवा? देव अशी सेवा कुठल्या खात्यावर मांडणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी जाळ्याच्या जोडीला मिरीपूड उधळल्यासारखे काळे ठिपके आले. शिबिराचा तो शेवटचा दिवस होता. जनाबाई उठली, टेबलाकडे न बघता सरळ आत गेली आणि डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत बसली.

"आजी, लाइन आहे!" जयेश मागून ओरडला.

"असूं दे," ती म्हणाली. "डोला माझा हाय."

डॉक्टर मृणाल तरुण होत्या. त्यांनी जयेशला हाताने थांबवलं, जनाबाईचं जालं आणि वीज ऐकून घेतली आणि विचारलं, "जालं हलतं का?"

एवढाच प्रश्न. जनाबाईच्या डोळ्यांत पाणीच आलं.

त्यांनी थेंब घालून बाहुली मोठी केली, बराच वेळ उजेड टाकून पाहिलं. मग म्हणाल्या, "डोळ्याच्या आत अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखा एक गोळा असतो. काचेसारखा स्वच्छ, म्हणून त्याला काचाभ म्हणतात. जन्मापासून तो मागच्या पडद्याला लागून असतो. वय झालं की पातळ होतो, आक्रसतो, पडद्यापासून सुटतो. त्याचे धागे गोळा होतात आणि त्यांची सावली पडते, ते तुमचं जालं. बहुतेकांचा सुखरूप सुटतो. तुमचा सुटताना पडदा ओढला गेला, म्हणून वीज. आणि वरच्या बाजूला पडदा फाटलाय."

"मग?"

"त्या भोकातून पाणी मागे शिरलं तर पडदा सुटेल, कडेने काळोख चढत जाईल आणि डोळा जाईल. आजच लेझर करू."

"मना बावीस दिवसांनी बोलावलंय."

"बावीस दिवस तो पडदा टिकला असता, असं मी म्हणणार नाही."

दुपारी डॉक्टरांनी आपल्या डोंबिवलीच्या दवाखान्यात नेऊन लेझरने भोकाभोवती कडं केलं. पडदा वाचला. जाळं काही जाणार नाही, हळूहळू सवय होईल, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं.

तिसऱ्या दिवशी जनाबाई मंडळाच्या ऑफिसात उभी राहिली. जयेश गडबडला. "आजी, सॉरी. पण तुम्ही जाला म्हणालात ना."

"मी माझ्या भाषेत बोलली. तू ठाण्याचा ना? तुला आमची भाषा कळली नाय, तर विचारायचं होतंस. वही काढ."

"कशाला?"

"आमच्या गावचे किती लोक आले नि जालं म्हणाले, ते वाच."

त्याने पानं उलटली. चौघं निघाली. चौघांपुढे मोतीबिंदू, चौघांना तीच तारीख.

"लाव फोन. एकेकाला विचार, हलतं का."

पहिल्या तिघांना नुसतं धुरकट दिसत होतं. चौथा फोन दगडूला लागला. वेशीजवळ राहणारा, सत्तरीचा. जयेशने स्पीकर लावला.

"काका, डोळ्यातलं ते जालं हलतं का?"

"हलतंय ना," पलीकडून आवाज आला. "आठ दिस झाले. आता खालून कालोख पण चढतोय. पण तुम्हीच तारीख दिलीय ना रं?"

जनाबाईने जयेशच्या हातातून फोन घेतला.

"दगडू, सदरा घाल. आम्ही रिक्षा घेऊन येतंव," ती म्हणाली, आणि जयेशकडे वळली. "चल. तू पण."